मांजरासह बिऱ्हाड

‘बिऱ्हाड’ हा शब्द मराठीत मोठा बोलका आहे. घर म्हटले की भिंती, छप्पर, दारे-खिडक्या डोळ्यांपुढे येतात. बिऱ्हाड म्हटले की माणसे, भांडी, अंथरुणे, देव्हारा, तुळशीची कुंडी आणि हे सारे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणारा टेम्पो डोळ्यांपुढे येतो. घर मालकाचे असते, बिऱ्हाड आपले असते. या बिऱ्हाडात मांजराला जागा आहे की नाही, आणि नसेल तर ती कोणी व केव्हा काढून घेतली, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

समाजशास्त्र शिकविणाऱ्या बाईंना वार्षिकांकासाठी मांजराशिवाय दुसरा विषय मिळू नये काय, असे काही वाचक म्हणतील. त्यांनी एकदा मांजर घेऊन नाशिकमध्ये जागा शोधून पाहावी. मी गेली अकरा वर्षे या शहरात भाड्याच्या घरात राहते आहे आणि त्यांपैकी सात वर्षे आमच्याकडे चिंगी नावाची मांजरी आहे. या सात वर्षांत तीन वेळा जागा बदलावी लागली. प्रत्येक वेळी जे संवाद झाले त्यांतून आपल्या शहराविषयी मला जे कळले, ते पुस्तकांतून सहसा कळत नाही. शिवाय आपल्या महाविद्यालयात सुरगाणा, पेठ, कळवण, येवला अशा तालुक्यांतून येणारे कितीतरी विद्यार्थी खोली घेऊन किंवा कॉट बेसिसवर राहतात. मांजर पाळा अथवा न पाळा, भाडेकराराचा कागद तुमच्यापुढे येणारच आहे. तेव्हा मांजराच्या निमित्ताने तो कागद वाचावयास शिकले तर बिघडत नाही.

प्रथम जुन्या गोष्टी पाहू. पंचवटीत, भद्रकालीच्या बाजूला, सरकारवाड्याच्या आसपास जे वाडे अजून उभे आहेत, त्यांत कधी काळी एकेका वाड्यात पाच-सात बिऱ्हाडे नांदत. मधला चौक सर्वांचा, नळ सर्वांचा, आणि मांजरही सर्वांचे. पंचवटीतच जन्म गेलेल्या एका आजींना मी विचारले, ‘‘तुमच्या वाड्यात मांजर कोणाचं होतं?’’ आजी हसल्या. म्हणाल्या, ‘‘अगं, मांजर कुणाचं असतं का कधी? ते वाड्याचं. सकाळी आमच्याकडे साय खायचं, दुपारी माडीवर निजायचं, आणि व्यालं की कुणाच्या तरी सरपणाच्या खोलीत.’’ या उत्तरात एक संपूर्ण समाजव्यवस्था आहे. मांजर कोणा एकाचे नसल्यामुळे ते ठेवू की नको, असा प्रश्न मालकाला विचारावाच लागत नसे. आणि वाड्यातल्या धान्याच्या कणग्या व पोती पाहता मालकाचीही त्याला ना नसे. मांजर वाड्यात फुकट राहत नव्हते. ते भाडे उंदरांच्या रूपाने देत होते.

हे भाडे किती मोलाचे, याचा विचार एका डॉक्टरने गंभीरपणे केला होता. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि पुढची कित्येक वर्षे त्याने महाराष्ट्राची गावे ओस पाडली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो हे उमगल्यावर, वऱ्हाडात सिव्हिल सर्जन असलेल्या ले. कर्नल बुकॅनन यांनी १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लेख लिहून, प्लेगच्या प्रतिबंधासाठी घरोघरी मांजरे पाळावीत असे सुचविले. मांजरालाही प्लेग होऊ शकतो हे आज आपण जाणतो, त्यामुळे तो उपाय जसाच्या तसा कोणी सांगणार नाही. पण मांजर हे घराच्या आरोग्याचे साधन मानले जाण्याचा एक काळ होता, आणि तो फार जुना नाही, हे ध्यानात ठेवावे.

वाडे ओसरले. त्याची कारणे अनेक आहेत, पण एक कारण कायद्यात आहे, आणि तेच आपल्या विषयाशी फार जवळून निगडित आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या मुंबई राज्यातील शहरांत भाडी गोठवली. पुष्कळ जागांचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते त्यावर ठरले. महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूचे संरक्षण करणे अगदी आवश्यक होते, यात शंका नाही. पण तोच कायदा मुदतवाढ मिळत मिळत अर्धशतक चालला. दहा-वीस रुपये भाड्यात मालक कौले शाकारीना, भाडेकरू जागा सोडीना. वाडा मध्येच खचू लागला. आजही पावसाळा जवळ आला की महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, आणि मालक-भाडेकरूंच्या दाव्यात अडकलेल्या भिंती तशाच उभ्या राहतात.

भाडेकरू कायमचा चिकटेल या भीतीने मालकांनी वेगळीच वाट काढली. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात, कलम ५२ मध्ये, ‘लायसन्स’ म्हणजे परवानगीची व्याख्या आहे. जागेत हक्क निर्माण न करता केवळ वापराची मुभा देणे, असा तिचा अर्थ. या आधारावर ‘लिव्ह अँड लायसन्स’ हा प्रकार रूढ झाला. तो इतका वाढला की सरकारने कायद्यात दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सी जागेत होते त्यांना भाडेकरू मानले. मालक अधिकच बिथरले. शेवटी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा एकत्रित कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आज तुम्ही-आम्ही ज्या कागदावर सही करतो तो बहुधा याच कायद्याच्या छायेतला लिव्ह अँड लायसन्सचा करार असतो. कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी वाद झाल्यास भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोपर्यंत मालक उलट सिद्ध करीत नाही. ही गोष्ट फार थोड्या भाडेकरूंना ठाऊक असते.

अकरा महिन्यांचे गौडबंगाल काय, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागे. म्हणून नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिने. महाराष्ट्रात २००० नंतर लिव्ह अँड लायसन्सचा कोणत्याही मुदतीचा करार नोंदवावा लागतो, म्हणजे अकरा महिन्यांचे मूळ कारण संपले. तरी अकरा महिने चालूच आहेत. सोवळ्याचे कारण गेले आणि सोवळे उरले, असा हा प्रकार. माणसाला दर अकरा महिन्यांनी धाकधूक, आणि मांजराला तर त्याहून अधिक. कारण कुत्रा माणसाला धरून असतो, मांजर जागेला धरून असते. गालाची ग्रंथी चौकटींना, टेबलाच्या पायांना घासून मांजर आपल्या गंधाचा नकाशा तयार करते. तो नकाशा पुरा होतो न होतो तोच करार संपतो.

आता फ्लॅटकडे वळू. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, पाथर्डी फाटा असे शहर पसरत गेले. १९८२ साली महापालिका झाली, सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी माणसे आणली, आणि चौकाभोवतीची बिऱ्हाडे जिन्याभोवती रचली गेली. फ्लॅटला चौक नाही, सरपणाची खोली नाही, धान्याची कणगी नाही. दार बंद केले की बाहेरचे जग बाहेर. अशा घरात मांजर आले की ते ‘वाड्याचे’ राहत नाही, ते कोणाचे तरी होते. आणि जे कोणाचे तरी आहे त्याबद्दल कोणाला तरी जाब विचारता येतो. माझ्या मते मांजराच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. मांजर बदललेले नाही; मालकी बदलली आहे.

जागा शोधताना होणारे संवाद साधारण एकाच साच्याचे असतात. एका मालकांशी झालेला नमुन्यादाखल देते.

‘‘किती जण राहणार?’’

‘‘मी आणि आई.’’

‘‘नोकरी?’’

‘‘कॉलेजात शिकवते.’’

‘‘वा! मग प्रश्नच नाही, मॅडम. किल्ली आजच घ्या.’’

‘‘काका, आमच्याकडे एक मांजर आहे.’’

काका गप्प. मग म्हणतात, ‘‘मांजर नको हो, मॅडम. कुत्रा असता तर निदान राखणीला तरी झाला असता.’’

दुसऱ्या एका ठिकाणी काकूंनी मांजर चालेल म्हटले, पण वर राहणाऱ्या सासूबाईंना सकाळी आडवे गेलेले चालत नव्हते. तिसऱ्या ठिकाणी एजंटने आधीच कानात सांगितले, ‘‘ताई, मांजराचं बोलूच नका. एकदा सामान शिरलं की कोण बघतंय?’’ हा सल्ला मी मानला नाही, आणि कोणी मानू नये असे माझे ठाम मत आहे. कारण पुढे सांगेन.

नकाराची जी कारणे मालक सांगतात, त्यांत तथ्य किती हे तपासले पाहिजे. वास येतो, ही पहिली तक्रार, आणि ती खोटी नाही. नसबंदी न केलेला बोका भिंतीवर, पडद्यावर लघवीचे फवारे मारून आपली हद्द आखतो, आणि तो दर्प धुऊन जात नाही. पण नसबंदी झालेले, वाळूच्या ट्रेची सवय असलेले मांजर घरात असल्याचे पाहुण्याला वासावरून कळत नाही. ट्रे मात्र रोज साफ झाला पाहिजे. दुसरी तक्रार ओरखड्यांची. मांजर नखे घासणारच, तो त्याचा धर्म आहे. पण त्याला खडबडीत दोरी गुंडाळलेला खांब किंवा जुने पोते दिले तर दाराची चौकट वाचते. तिसरी तक्रार पिलांची. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. एका मांजराची परवानगी घेऊन वर्षभरात सहा मांजरे दाखविणारा भाडेकरू मालकाला फसवितोच आहे. इथेही उपाय नसबंदी हाच. केसांमुळे दमा होतो असे म्हणतात, त्यात थोडी दुरुस्ती हवी. ॲलर्जी केसांची नसते, मांजराच्या लाळेत व त्वचेत असणाऱ्या एका प्रथिनाची असते. ते केसांना लागून घरभर पसरते आणि मांजर गेल्यावरही काही महिने गाद्या-पडद्यांत राहते. ज्या मालकाला स्वतःच त्या घरात पुन्हा राहावयाचे आहे आणि ज्याच्या घरी दम्याचा रुग्ण आहे, त्याच्या नकाराला मी नावे ठेवणार नाही.

परंतु आणखी एक कारण आहे, जे सहसा सरळ सांगितले जात नाही. ‘मांजर काय खाते?’ हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी विचारला गेला. मांजर हे पक्के मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांसातून मिळाले नाही तर मांजर आंधळे होते, हृदय निकामी होते. नुसत्या दूध-पोळीवर मांजर ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे, मग घरचे लोक कितीही शाकाहारी असोत. म्हणजे मांजर आले की घरात मासळीचा निदान वास तरी येणार. ‘शाकाहारी कुटुंबास प्राधान्य’ अशी पाटी ज्या दारावर आहे तिथे मांजराबद्दलचा प्रश्न हा पुष्कळदा माणसाबद्दलचाच प्रश्न असतो. आडनाव विचारून झाले, गाव विचारून झाले, तरी खात्री पटली नाही, की मांजराच्या ताटलीत डोकावायचे. एकट्या राहणाऱ्या मुली, मुसलमान कुटुंबे, दलित कुटुंबे यांना नाशिकमध्येच नव्हे, महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात जागा शोधताना काय ऐकावे लागते हे आमच्या विद्यार्थ्यांकडून मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. त्यांच्या मानाने मांजरवाल्यांचे दुःख हलके आहे, हे कबूल केलेच पाहिजे. मांजर घरी ठेवून जागा बघायला जाता येते. आडनाव घरी ठेवून जाता येत नाही.

या संदर्भात केरळमधील एक प्रकरण मोठे उद्बोधक आहे. २०२० च्या टाळेबंदीत एर्नाकुलमच्या एका गृहस्थाला आपल्या तीन मांजरांचे खाद्य आणावयास जायचे होते. पोलिसांनी वाहनाचा पास नाकारला. गृहस्थ स्वतः शाकाहारी. घरात मांसाहार शिजत नाही, म्हणून मांजरांसाठी तयार बिस्किटे आणल्यावाचून गत्यंतर नाही, असे त्यांनी केरळ उच्च न्यायालयात सांगितले. ६ एप्रिल २०२० रोजी न्यायालयाने त्यांना जाऊ देण्याचा आदेश दिला, आणि प्राणी पाळण्याची निवड ही माणसाच्या खासगीपणाच्या मूलभूत अधिकाराशी जोडली. मांजराच्या बिस्किटांवरून घटनेच्या एकविसाव्या कलमापर्यंत पोचलेला हा निवाडा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावा. पुढे २०२१ साली त्याच न्यायालयाने, रहिवाशांना प्राणी पाळण्यास सरसकट बंदी करणारे अपार्टमेंट संघटनांचे नियम बेकायदा ठरविले. केरळचा निर्णय महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण त्याचा दाखला देता येतो.

आपल्याकडे सोसायटीचे चेअरमन ‘आमच्याकडे ठराव झालेला आहे’ असे सांगतात, तेव्हा काय करावे? भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये एक परिपत्रक काढून स्पष्ट केले की, रहिवासी संघटनांना बहुमतानेसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही; लिफ्टचा वापरही नाकारता येत नाही. परिपत्रक मुख्यतः कुत्र्यांविषयी बोलते, आणि त्याचे स्वरूप कायद्याचे नाही, मार्गदर्शनाचे आहे. तरी त्यामागे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा व घटनेचे ५१-अ हे कलम उभे आहे. प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, असे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने या कलमात म्हटले आहे.

इथे एक भेद नीट समजून घ्यावा, कारण सर्व घोटाळा त्यातून होतो. सोसायटी आणि घरमालक या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. सोसायटीला सरसकट बंदी करता येत नाही, असे म्हणता येते. पण मालकाने करारातच ‘पाळीव प्राणी ठेवणार नाही’ अशी अट घातली आणि आपण तीवर सही केली, तर ती आपल्यावर बंधनकारक आहे. परिपत्रक दाखवून ती अट पुसता येत नाही. लायसन्स ही मुळात परवानगी. ती कोणत्या अटींवर द्यायची हे देणारा ठरवितो. मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणूनच त्या एजंटचा सल्ला घातक आहे. लपवून नेलेले मांजर खिडकीत बसतेच. खिडकीत बसलेले मांजर शेजारी पाहतोच, आणि मग अट मोडल्याचे कारण मालकाच्या हाती आयते पडते. मांजर डोळे मिटून दूध पिते हे खरे, पण भाडेकरूने तसे करू नये.

परदेशांत हा प्रश्न कायद्याने हाताळला गेला आहे. फ्रान्समध्ये ९ जुलै १९७० च्या कायद्याने, राहत्या घरात पाळीव प्राणी ठेवण्यास बंदी करणारी भाडेकरारातील अट निरर्थक ठरविली. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये सांगितले की, छापील करारात कुत्र्या-मांजरांवर सरसकट बंदी घालता येणार नाही; प्रत्येक प्रकरणी दोन्ही बाजूंचे हित तोलले पाहिजे. इंग्लंडमध्ये २०२५ साली संमत झालेल्या कायद्याने भाडेकरूला प्राणी ठेवण्याची परवानगी मागण्याचा हक्क दिला, व मालकाला रास्त कारणाशिवाय ती नाकारता येणार नाही असे ठरविले. मला यांपैकी जर्मन विचार सर्वांत पटतो. सरसकट हो आणि सरसकट नाही, या दोहोंत विचार करण्याचे श्रम वाचतात, एवढाच त्यांचा गुण. आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हा होवो. पुणे महानगरपालिकेने २०२२ च्या अखेरीस कुत्र्यांप्रमाणे मांजरांचीही नोंदणी करवून घेण्याचे ठरविले, म्हणजे मांजर निदान सरकारी कागदावर तरी येऊ लागले आहे.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे येते. जागा बदलताना मांजराचे काय होते? पूर्वी वाड्यात नको झालेले मांजर किंवा पिले गोणीत घालून गंगेपलीकडे सोडून येण्याची रीत होती. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) मारीत मात्र नसत, मांजर मेले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत त्यामागे होती. नदीपलीकडे सोडलेले मांजर पुष्कळदा पूल ओलांडून परतही येई, असे आजी सांगतात. आज ही रीत फ्लॅटच्या जगात वेगळ्या रूपात चालू आहे. नवा मालक मांजर नको म्हणतो, म्हणून बिऱ्हाड जाते आणि मांजर जिन्यात राहते. मी राहते त्या भागात असे एक पांढरे मांजर एका बंद फ्लॅटच्या दारापाशी जवळजवळ महिनाभर बसून होते. वॉचमनकाका त्याला आपल्या डब्यातले देत. पावसाची झड लागली त्या आठवड्यात ते दिसेनासे झाले.

घरात वाढलेल्या मांजराला शिकार येतेच असे नाही, रस्ता ओलांडता येत नाही, आणि परक्या बोक्यांच्या हद्दीत त्याला कोणी टिकू देत नाही. १९६० च्या कायद्याचे कलम ११ सांगते की, उपासमार वा तहान यांमुळे हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा गुन्हा आहे. शिक्षा मात्र पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. इतक्या पैशांत आज मांजराच्या खाद्याची मोठी पिशवीही येत नाही. विष घालणे किंवा ठार मारणे हा मात्र गंभीर अपराध आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तेव्हा ज्याला भाड्याच्या घरात मांजर पाळायचे आहे त्याने मांजर आणण्याआधीच पुढच्या जागेचा विचार केला पाहिजे. करार संपण्याच्या दोन-तीन महिने आधी शोध सुरू करावा. मांजरवाल्याला दहा जागांत एखादी मिळते असे धरून चालावे. माझा अनुभव असा की मोठ्या सोसायट्यांपेक्षा रो हाऊस, बंगल्याचा वरचा मजला किंवा मालक दुसऱ्या गावी असलेला फ्लॅट येथे लवकर होकार मिळतो. भेटीला जाताना लसीकरणाचे कार्ड, नसबंदीचा दाखला आणि आधीच्या मालकांची दोन ओळींची चिठ्ठी न्यावी. अशी चिठ्ठी लोक मागत नाहीत, पण दाखविली की त्यांचा सूर बदलतो.

तोंडी होकारावर मात्र अवलंबून राहू नये. मालक बदलतात, मालकांची मुले परदेशातून येतात, आणि ‘असं मी म्हटलंच नव्हतं’ हे वाक्य कोणीही म्हणू शकते. करारात कलम घालून घ्यावे. दस्तलेखकांच्या भाषेत ते साधारण असे होईल :

‘‘लायसन्सी यांचेसोबत सदर मिळकतीत एक पाळीव मांजर राहणार असून त्यास लायसन्सर यांची संमती आहे. सदर मांजरामुळे मिळकतीचे अगर फिटिंगचे काही नुकसान झालेस त्याची दुरुस्ती लायसन्सी यांनी स्वखर्चाने करून देणेची आहे. सदर मांजराची संख्या लायसन्सर यांचे लेखी परवानगीशिवाय वाढविणेची नाही.’’

शेवटचे वाक्य आपणहून घालावे. मालकाची निम्मी भीती त्याने जाते. मालक जादा डिपॉझिट मागतील. परवडत असेल तर द्यावे, पण ‘परत करावयाचे’ हे शब्द पाहून घ्यावेत. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरील धरलेले व्याज यांच्या पाव टक्का असते, तेव्हा डिपॉझिट वाढल्याने ते फारसे वाढत नाही. नोंदणी आता अंगठा लावून घरबसल्या होते; ‘कटकट नको’ हे कारण मालकाने सांगू नये.

जागा मिळाली की पहिला खर्च जाळीचा. न्यूयॉर्कमधील दोन पशुवैद्यांनी १९८७ साली उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अहवाल छापला. उपचारासाठी आणलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. यावरून मांजर कितीही उंचावरून पडले तरी वाचते, असा समज पसरला. पण जी जागीच मेली ती दवाखान्यात आणलीच गेली नसणार, हे विसरता कामा नये, आणि वाचलेल्यांचेही जबडे व बरगड्या मोडलेल्या होत्या. गॅलरीला कबुतरजाळी बसवावी. ग्रिलच्या फटीतून मांजर सहज जाते. संडास-बाथरूमची डक्टकडे उघडणारी खिडकी बहुतेक जण विसरतात. तिथूनच मांजर शेजाऱ्यांच्या घरात शिरते, आणि तिथूनच भांडण सुरू होते.

सामान हलविण्याच्या दिवशी मांजर सर्वांत शेवटी न्यावे, टोपलीत, वर फडके टाकून. नव्या घरात प्रथम एकच खोली द्यावी. तिच्यात ट्रे, पाणी, खाणे आणि जुन्या घरातले न धुतलेले पांघरूण ठेवावे. ते कपाटाखाली जाऊन बसेल; ओढून काढू नये. चिंगीला गेल्या खेपेस त्या खोलीबाहेर यायला नऊ दिवस लागले, आणि तोवर आई तिथेच पाट टाकून भाजी निवडत बसे. खिडक्या निदान महिनाभर उघड्या ठेवू नयेत, कारण या काळात सुटलेले मांजर जुन्या घराच्या दिशेने चालू लागते. पत्ता बदलल्याचे त्याला कोणी कळविलेले नसते.

जुने घर सोडताना दारांच्या चौकटी, पडद्यांचे दांडे आणि गॅलरीची फरशी यांची छायाचित्रे मालकांसमक्ष काढावीत. ओरखडे असतील तिथे सुताराकडून लांबी भरून पॉलिश मारून घ्यावे. डिपॉझिटमधून कापल्या जाणाऱ्या रकमेपेक्षा हे काम बहुधा स्वस्तात होते. जाळी आपण स्वतःच्या खर्चाने लावलेली असेल तर ती काढून न्यावी की ठेवावी हे आधी विचारावे. आमच्या मागच्या मालकांनी ती ठेवून घेतली आणि तिचे निम्मे पैसे दिले. कबुतरांचा त्यांनाही कंटाळा आला होता.